ब्रह्मदेशच्या सुनेची चौकशी

ती घटना आठवली की आजही आधी माझ्या नाकाला कळते, मग मला. पोलिसाच्या नोकरीत मी नाना तऱ्हेचे वास सोसले, पण त्या वासाची बरोबरी नाही. नावे कोणाचीच देत नाही. माणसे साधी होती आणि त्यांनी गुन्हा म्हणावा असे काही केले नव्हते.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला विशेष शाखेत उपनिरीक्षक होतो. परदेशी नागरिकांची नोंद आणि चौकशी हे आमच्या टेबलाचे काम. वरून अर्ज यायचा, आम्ही घरी जायचे, जबाब घ्यायचे, अहवाल पाठवायचा. खून-दरोड्यांच्या तपासातले सहकारी आम्हाला 'टपाल खाते' म्हणून चिडवत.

असाच शहरातल्या इंदोरा वस्तीतल्या एका बाईंचा अर्ज आला. बाई ब्रह्मदेशात जन्मलेल्या. नवरा इंदोऱ्याचाच. तरुणपणी तो कामासाठी रंगूनला गेला, तिथे लग्न केले आणि तिथून आपल्या लोकांना परतावे लागले तेव्हा बायकोला घेऊन घरी आला. इथे कापडगिरणीत लागला, पुढे आजारपणात गेला. मूलबाळ नव्हते. घरात बाई आणि त्यांची सासू, दोघीच. राहण्याचा परवाना पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायला कंटाळून बाईंनी भारतीय माणसाची पत्नी या नात्याने नागरिकत्व मागितले होते. माझा अहवाल अनुकूल गेला तर त्या कायमच्या इथल्या होणार. प्रतिकूल गेला तर अर्ज फेटाळला जाणार, परवानाही अडचणीत येणार आणि घर सोडायची वेळ येणार. चौकशी किरकोळ दिसली तरी त्यांच्यासाठी सगळे तिच्यावरच होते.

मी घरी जाण्याआधीच ऑफिसात फोन आला. आवाज बाईचा, तोंडावर पदर धरल्यासारखा.

"लिहून घे गा. ते ब्रह्मी बाई हाये न, तिले कागद देऊ नका."

"आपण कोण बोलताय?"

"थे काहून पाह्यजे तुले? दर इतवारी कामठीले जाते ते. लपवून काही आनते अन् घरामागं ठेवते. कागद देऊ नका म्हंजे झालं."

फोन बंद. उपनिरीक्षकाला 'गा', म्हणजे 'अरे', म्हणणारा खबऱ्या मला तोवर भेटला नव्हता. पण कामठी म्हणजे लष्कराची छावणी. परदेशी बाई, दर रविवारची फेरी आणि लपवलेली वस्तू, एवढे ऐकून आमच्या निरीक्षक साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाळत ठेवा," म्हणाले.

पाळतीवर आमच्या टेबलाच्या हवालदारांना पाठवले. कामाला वाघ माणूस, पण चेहरा असा की साध्या कपड्यांतही लोक त्यांना बघून सायकलवरून उतरत. रविवारी ते बाईंच्या मागे कामठीला गेले आणि येऊन सांगू लागले, "साहेब, छावनीकडं पाह्यलंबी नाही तिनं. सीधी कन्हान नदीवर गेली. एका ढिवराजवळून पोटली घेतली अन् वापस. पन पोटली घेताना इकडंतिकडं पाहून राहिली होती."

ढीवर म्हणजे नदीवर मासे धरणारा. त्याच्याकडून मासेच घ्यायचे तर इकडेतिकडे कशाला पाहायचे? मी हवालदार आणि दोन पंच घेऊन बाईंच्या घरी गेलो. घर लहान पण लख्ख. समोर बुद्धमूर्ती, दाराशी शिवणाचे मशीन. उंबऱ्यापाशी सासू सुपात गहू निवडत बसली होती. आम्हाला पाहताच तिने तोंडावर पदर ओढला आणि विचारले त्याला नुसती मान हलवली. म्हातारीला ऐकू येत नसावे असे मी धरून चाललो.

बाईंसाठी मी सोप्या हिंदीत प्रश्न तयार करून आणले होते. पहिलाच विचारला तर त्या म्हणाल्या, "मराठीत बोला न साहेब. माहं हिंदीच कच्चं हाये."

पुढची सगळी उत्तरे त्यांनी न अडखळता दिली. कामठीचा विषय काढला तेव्हा मात्र मशीनवरचा हात थांबला.

"नदीवर फिराले जाते," त्या म्हणाल्या.

घरामागच्या अंगणात टोपल्याखाली एक चिनी मातीची बरणी निघाली. तोंडाला फडके गच्च बांधलेले. बाई म्हणाल्या, "साहेब, नका उघडू." असे म्हटल्यावर कुठला हवालदार थांबतो? त्यांनी गाठ सोडली. पुढच्या क्षणी एक पंच गल्लीच्या टोकाला दिसला, दुसरा कुठेच दिसला नाही आणि आमचे वाघ भिंतीला धरून उभे होते. बरणीत बारीक मासळी होती, मीठ घालून कुटलेली आणि मुरायला ठेवलेली. त्यांच्याकडे म्हणे चिमूटभर प्रत्येक कालवणात घालतात.

"मग लपवता कशाला?" मी नाकाला रुमाल लावून विचारले.

बाईंचे डोळे भरून आले. "तुमाले वाटलं असतं, हे अजून तिकडचीच हाये. असं खाते त हिले इकडचा कागद काहून द्याचा?"

मला फार वाईट वाटले. नागरिकत्वाच्या कायद्यात मासळीचा उल्लेख मी कुठेही वाचलेला नाही, असे मी त्यांना सांगितले आणि बरणी स्वतःच्या हाताने बांधून दिली.

पण फोन करणारी कोण, हे कळल्याशिवाय अहवाल पाठवता येत नव्हता. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन वाजला. तोच आवाज, आणि मागे सारखी घरघर.

"पाह्यलं न? आता नाही न भेटत तिले कागद?"

"चौकशी चालू आहे. उद्या सकाळी ऑफिसात बोलावतो आहे त्यांना."

पलीकडचा आवाज खाली आला. "सकाळी नको बोलावू गा. उपाशीच येईन ते. अन् बाकड्यावर बसवू नको, कंबर दुखते तिची."

खबर देणारा एकतर बक्षिसाचे विचारतो, नाहीतर शत्रूला कधी आत टाकता ते विचारतो. शत्रूच्या कमरेची काळजी करणारा खबऱ्या मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हवालदारांना घरघर सांगितली. ते म्हणाले, "चक्की हाये साहेब, पिठाची." त्या वस्तीत फोन असलेली चक्की एकच होती. मालक आधी कानावर हात ठेवून बसला. हवालदार नुसते जवळ जाऊन उभे राहिले, तसा बोलू लागला, "आजी दळन आनते, कोन्या कागदावरचा नंबर दाखवते अन् म्हनते फिरव. मी समजलो, पोराच्या गिरणीच्या पैशाचं काम असन."

"कुठली आजी?"

"त्या ब्रह्मी बाईची सासू."

तिथून तडक बाईंच्या घरी गेलो. म्हातारी उंबऱ्यावरच होती, आत मशीन चालू होते.

"आजी, ऐकू येतं ना तुम्हाला?"

तिने तोंडावरचा पदर काढला. "येते."

"सून छळते का?"

"कोन म्हनते?" म्हातारी उसळली. "तिच्यासारखी पोरगी दाखव मले. आमी आता धम्म घेतला, ते त जल्मापासून त्याच्यात हाये."

"मग फोन कशाला केलेत?"

तिने शेजारच्या घराकडे बोट केले. "तिथं आले होते तुमचे लोक. असंच इचारलं, असंच लिहून नेलं. मंग कागद आला अन् पोरगा गेला अरबाच्या मुलखात. मायच्या मयतीलेबी नाही आला. मले काय समजत नाही? पोलीस इचारून जाते, मंग मानूस जाते. माहा पोरगा गेला. आता हे तिच्या मायबापाकडं गेली त मी कोनाजवळ राहू?"

शेजारची ती चौकशी पासपोर्टची होती. त्या गल्लीने पोलीस चौकशी तेवढी एकच पाहिलेली.

आतले मशीन थांबले होते. सून दारात येऊन उभी. "नाही वं माय. हा जायाचा कागद नाही. राहाचा हाये."

म्हातारीने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "खरं हाये का गा? राहाचा कागदबी पोलीसच देते?"

"खरं आहे आजी."

"बाप्पा!" म्हणून ती सुनेवर घसरली, "मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं न, कागद काढून राहिली म्हनून."

"कोनता थे कुठं सांगतलं!"

आणि दोघीही एकमेकींना धरून रडल्या, मग हसल्या. हवालदार उगाच छपराकडे बघत होते.

सासूचा जबाब मी तिथेच घेतला. ती म्हणाली, "लिही, ही माही सून हाये. हिले कुठी जाऊ देऊ नका." मी लिहिले, 'सदर महिलेचे भारतात कायम वास्तव्य राहावे अशी कुटुंबाची इच्छा आहे.' वाचून दाखवल्यावर म्हणाली, "मी त इतकं नाही बोलली," पण अंगठा दिला. निरीक्षक साहेबांनी अहवाल वाचला आणि बरणीच्या मजकुरापाशी थांबले. मी विचारले, "नमुना मागवू का साहेब?" त्यांनी घाईने सही केली.

यथावकाश मंजुरी आली. निष्ठेची शपथ घ्यायला बाई कचेरीत आल्या तेव्हा सासूही शेजारी हात वर करून उभी राहिली. तुम्ही इथल्याच आहात, तुम्हाला गरज नाही, असे तिला सांगितले तर म्हणाली, "असू दे. तिले एकटं वाटन."

या प्रकरणाने मला एक सवय लावली. त्यानंतर कोणत्याही घरी चौकशीला गेलो की पहिला प्रश्न विचारण्याआधी मी कशासाठी आलो ते सांगायचो, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी सांगायचो. आपण दारात उभे राहतो तेवढ्यात आत कोण काय समजून बसते, हे आपल्याला दिसत नाही.

शपथेनंतर काही दिवसांनी दोघींनी मला आणि हवालदारांना जेवायला बोलावले. हात धुवायला आत गेलो तर बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळद आणि तिखटाच्या डब्यांच्या मधोमध.

"आजी, हिला आत घेतलंत?"

"मले पहिलेपासून मालूम होतं गा. वास काय लपते?" म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली. "आता ते कुठी जात नाही न. मंग तिची बरणी बाहेर काहून राहीन?"

हवालदारांनी ओसरीवरच पान वाढून घेतले. मी आत बसलो. वास आला नाही असे म्हणणार नाही, पण भात मी दोनदा मागून घेतला.