अर्ध्याचं अर्धं

कवळीवाल्याने बनवलेली कवळी टोचली, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आठवडाभर तो लोकांचे दात घडवायचा आणि रविवारी दुपारी टेबलावरचे प्लॅस्टरचे जबडे फळीवर चढवून पत्ते मांडायचा. शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि औषधांचा दुकानदार हे त्याचे जुने भिडू. खेळ एकच, ओमाहा हाय-लो. प्रत्येकाला चार पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. हातातली दोन आणि मधली तीन लावून डाव जुळवायचा. मध्ये जमलेल्या पैशांतलं, म्हणजे पॉटातलं, अर्धं सर्वांत भारी हाताला, अर्धं सर्वांत हलक्या हाताला. एका वेळी पॉटाएवढंच लावता येतं, म्हणून उतावळ्याचं इथे काम नाही. कवळीवाला भारी हात आला तरी गप्प बसायचा आणि समोरच्यालाच पैसे लावू द्यायचा.

त्याच्या साडूची बायको गेली, त्याला चार महिने झाले होते. साडू छापखान्यात मुद्रितं तपासायचा. घरी आला की दिवासुद्धा लावायचा नाही.

"अहो, त्यांना तुमच्या पत्त्यांना तरी न्या," बायको म्हणाली. "बहीण गेली, आता भावोजीही हातचे जायला नकोत."

कवळीवाल्याने नेलं. खेळ शिकवला.

"साडूभाऊ, एक्का-दुर्री हातात आली आणि मध्ये अठ्ठीपर्यंतची दुसरी तीन लहान पानं पडली, की हलका हात तुमचाच. अर्धा पॉट तुमचा. सोडायचं नाही."

"एवढं सोपं?"

"एवढंच."

तेवढंच नव्हतं. तीच जोडी दुसऱ्याकडेही निघाली तर अर्ध्याचंही अर्धं होतं. पहिल्या रविवारी हे सांगायचं तो खरंच विसरला. दुसऱ्या रविवारी आठवलं, पण एक्का-दुर्री आली की साडूचे कान लाल होतात हे तोवर त्याच्या लक्षात आलं होतं. तो बोलला नाही.

तिसऱ्या रविवारी त्याच्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचीच दुर्री आली. मध्ये इस्पिकची चव्वी, सत्ती आणि चौकटची राणी पडली. चौथं पान बदामची अठ्ठी. साडूचे कान केव्हाचेच लाल होते. त्याने पॉटाएवढं लावलं. बाकीचे दोघे पानं टाकून मोकळे झाले. कवळीवाल्याने नुसतं तेवढंच भरलं, चेहरा पडल्यासारखा करून. पाचवं पान इस्पिकची दश्शी. पाच इस्पिकं जुळली, भारी अर्धं आता त्याचं एकट्याचं होतं. साडूने पुन्हा लावलं. कवळीवाल्याने चष्मा पुसला, उसासा टाकला आणि पॉटाएवढं वाढवलं. साडूने समोरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पैशांच्या चकत्या पुढे सारल्या.

पानं उघडली. हलका हात दोघांचा सारखा. साडूच्या वाट्याला पॉटाचा चौथा हिस्सा आला, म्हणजे त्याने घातलेल्याचं जेमतेम निम्मं. रक्कम मोठी नव्हती. चार दिवसांच्या बाजारहाटाची. साडू मात्र पानांकडे बघत राहिला.

"मला वाटलं अर्धं माझं. तुम्ही सांगितलं असणार, मीच विसरलो."

ड्रायव्हरने कवळीवाल्याकडे पाहिलं. कवळीवाला पत्ते पिसत राहिला.

पुढचे दोन रविवार साडू आला नाही. सर्दी असेल, असं कवळीवाला घरी म्हणाला. जेवण मात्र त्याला जाईना. तिसऱ्या आठवड्यात बायकोने बातमी आणली, "भावोजींनी छापखाना सोडला. डोकं चालत नाही म्हणतात. सांगितलेलं लक्षात राहत नाही, तिथे चुका काय शोधणार, म्हणतात."

कवळीवाल्याने हातातलं मेण तसंच टाकलं आणि तो साडूच्या घरी गेला. खोलीत अंधार होता. तो उभ्यानेच बोलला.

"साडूभाऊ, तुम्ही काही विसरला नव्हता. मी सांगितलंच नव्हतं. आधी राहून गेलं. मग मुद्दाम सांगितलं नाही. तुमच्याकडे ती जोडी आहे हे मला कळलं होतं, तरी वाढवलं."

साडूने अंधारातच मान वर केली.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"अगदी ठीक आहे."

"तीन आठवडे मी रोज सकाळी उठून पाढे म्हणून बघतोय." तो रागावला नव्हता. रागावला असता तर कवळीवाल्याला सोपं गेलं असतं. "हे त्याच दिवशी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

दोघे मिळून छापखान्यात गेले. मालकाने नाही म्हणून मान हलवली. जागा भरली होती. कामाची गर्दी झाली की तपासायला पुस्तकं घरी पाठवीन, एवढं तो म्हणाला. वर्षभरात दोनच आली.

साडू पुन्हा रविवारी येऊ लागला. खेळतो, आणि बरा खेळतो. कवळीवाल्याने त्याला सगळं शिकवलं, स्वतःच्या खोट्या उसाशासकट. पण साडूचे कान लाल झाले की कवळीवाला हातात काहीही असो, पानं टाकून देतो. ड्रायव्हर हसतो, "हे काय खेळणं झालं?" साडूला ते कळतं, आणि आवडत नाही.

"भरा की हो," तो म्हणतो, "मला ठाऊक आहे आता."

कवळीवाल्याच्याने ते होत नाही.