पेशंट नसताना केलेल्या चौकशा

काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो. आई, पप्पा आणि मी. पप्पा तरुणपणी लातूरकडून पिंपरीला आले, एका मोठ्या कारखान्यात क्रेनच्या देखभालीवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. माझं लग्न फार टिकलं नाही. परत आले तेव्हा दोघांनीही एका शब्दानं काही विचारलं नाही, फक्त आतल्या खोलीतलं शिलाई मशीन बाहेर हलवलं.

पप्पांना निवृत्त होऊन तीनेक वर्षं झाली असतील. एका रविवारी सकाळी ते भाजी घेऊन येत होते, आणि चक्कर येऊन एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसले ते उठेचनात. दुकानदारानं ओळखून आम्हाला निरोप पाठवला. जवळ जो दवाखाना होता तिथं आम्ही त्यांना नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं आणि आईकडे वळून विचारलं, "बीपीचा त्रास कधीपासून आहे?"

"नाही हो, यांना कधीच नाही," आई म्हणाली.

"मग गोळी कुठली चालू होती?"

"कंपनीत असताना एक घ्यायचे. पित्ताची. रिटायर झाल्यावर बंद केली."

"कुठलं औषध बाधतं का?"

"एक इंजेक्शन बाधलं होतं. सगळं अंग लाल झालं होतं, ओठ सुजले होते."

"कुठलं इंजेक्शन?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. डॉक्टर म्हणाला, "ठीक आहे, बघून देतो." तो अजिबात रागावला नाही, म्हणूनच मला जास्त लाज वाटली. कंपनीत एखादा बोल्ट खराब निघाला, तर तो कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर, कुणाच्या हाताखालून गेला हे मी दहा मिनिटांत सांगते. आणि ज्या माणसानं मला सायकल शिकवली, त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे मला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी पप्पा घरी आले. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एक जाड फाईल आणली, पानं घातली आणि त्यांच्यासमोर बसले.

"काय करायलीस?" त्यांनी विचारलं.

"तुमची माहिती लिहून ठेवते. परत कधी गरज पडली तर."

"मला पोचवायची तयारी करायलीस का? मी हाय की अजून."

"पप्पा, असं काय बोलता?"

"मग बंद कर ते." त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई मशीनवरून म्हणाली, "सोड गं, नंतर बघू." मी फाईल कपाटात ठेवून दिली.

आठ-दहा दिवस तो विषय निघाला नाही. मग एका सकाळी मी कंपनीच्या बसला जायला निघाले होते, तर पप्पांनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली आणि म्हणाले, "हे बघून जा."

पेटीत कागदच कागद होते. कारखान्यात दरवर्षी कामगारांची तपासणी व्हायची, तिचे रिपोर्ट. एकही वर्ष चुकलेलं नाही, सगळे तारखेप्रमाणे लावलेले, दोऱ्यानं बांधलेले. मी उभ्या उभ्या चाळत गेले आणि मग बस गेली तरी चाळतच राहिले. निवृत्तीच्या आधीची बारा वर्षं प्रत्येक कागदावर बीपी वाढलेलं होतं. पित्ताची म्हणून घेत होते ती गोळी पित्ताची नव्हतीच.

"आईला सांगितलं का नाही?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तिला सांगितलं असतं तर तिनं मला क्रेनवर चढू दिलं नसतं. आन खाली बसवलेल्या फिटरला कोण इचारतं? स्टोअरमध्ये झाडू मारायला लावतेत." मग म्हणाले, "कंपनीच्या डॉक्टरला पण हातापाया पडून वर कळवण्यापासून थांबवला होता मी. नंतर वाटलं, काम संपलं, आता गोळी कशाला."

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं चहाचा कप त्यांच्यासमोर जरा जोरात ठेवला आणि आत गेली. त्या दिवशी घरात फक्त मशीनचा आवाज होता.

त्याच पेटीत, खालच्या बाजूला, ते बाधलेलं इंजेक्शन कुठलं होतं त्याची चिठ्ठीही सापडली. मी त्या इंजेक्शनचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं. पप्पा बघत होते. या वेळी टीव्ही बंद होता.

त्यानंतर मात्र आम्ही एकेक गोष्ट हातात घेतली. काळेवाडीतच एक डॉक्टरीण बाई बसतात, चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्याकडे दर महिन्याला जायचं ठरलं. पहिल्याच भेटीत त्यांनी पप्पांना सांगितलं, "काका, पुढच्या वेळी एकटे येऊ नका. काकूंना घेऊन या. तुम्ही मला खोटं सांगाल, त्या सांगणार नाहीत." हे घरी कळल्यावर आई कितीतरी दिवसांनी हसली. बाईंनीच आम्हाला पक्षाघाताची लक्षणं समजावली. हसायला सांगायचं, दोन्ही हात वर करायला सांगायचं, एक वाक्य बोलायला सांगायचं. यातलं काहीही वाकडं दिसलं तर आधी घड्याळ बघायचं, आणि झोपवून वाट बघत बसायचं नाही. "पहिले काही तासच हातात असतात," त्या म्हणाल्या. मी ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवलं. त्याखाली तळमजल्यावरच्या रिक्षावाल्या भाऊंचा नंबर आणि माझ्या कंपनीतल्या ऑफिसचा नंबर, कारण आमचे मोबाईल शिफ्टमध्ये लॉकरला असतात.

कंपनीच्या विम्यात आई-वडिलांची नावं घालता येतात, त्याची मुदत वर्षातून एकदाच येते. दोन वर्षं तो मेल मी न उघडता सोडला होता. त्या वर्षी पहिल्याच दिवशी फॉर्म भरला.

राहिलं हॉस्पिटल. मी आणि पप्पा दोन रविवार हिंडलो. वाकडच्या बाजूला एक आहे, चकचकीत, आत कॉफीचं दुकानसुद्धा. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

"पेशंट अजून नाही," पप्पा म्हणाले.

तिला काही कळेना. मी विचारलं, सीटी स्कॅन दिवसरात्र चालू असतं का, मेंदूचे डॉक्टर इथंच असतात की बोलवावे लागतात. तिनं दोन फोन केले आणि सांगितलं, बोलवावे लागतात. दुसऱ्या ठिकाणी आम्हाला कुणी उभं केलं नाही. तिसरं चिंचवडचं, जुनी इमारत, बाहेर चपलांचा ढीग. तिथल्या सिस्टरनं मात्र आम्हाला बाकावर बसवून सगळं सांगितलं, आणि तातडीच्या पेशंटला कुठल्या दारानं आणायचं तेही दाखवलं. पप्पांना ते दार आवडलं. "उतार बरोबर ठेवलाय," म्हणाले, "स्ट्रेचर अडकणार न्हाई." मग एकदा संध्याकाळी, काळेवाडी फाट्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, आम्ही रिक्षावाल्या भाऊंबरोबर मुद्दाम तिथवर जाऊन आलो. भाऊंनी आतल्या गल्लीचा रस्ता काढला. "राव, तुम्ही तर शूटिंगची रिहर्सल करताय," ते म्हणाले.

हे सगळं पप्पांसाठी होतं. फाईलमध्ये पप्पांची एकवीस पानं होती. आईचं एक, तेही अर्धं कोरं. नाव, रक्तगट, थायरॉईडची गोळी. तिला कधी काही होईल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्याही नाही.

दीड वर्षानं, एका मंगळवारी दुपारी, मी शिफ्टला असताना ऑफिसातून निरोप आला की घरून फोन आहे. मी धावत गेले. पप्पांचा आवाज होता, एकदम सपाट. "आईला आणलंय. चिंचवडला. स्कॅनच्या मशीनमध्ये नेलंय. तू सावकाश ये."

चाकणहून चिंचवडला पोचायला मला दीड तास लागला. मोशीच्या पुढं ट्रक तसूभरही हलत नव्हते. मी घरी असते तर काय केलं असतं, माहीत नाही. मी नव्हते, आणि माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

काय झालं ते पप्पांनी नंतर सांगितलं. दोनला दहा मिनिटं कमी असताना आईनं त्यांच्याकडून सुई ओवून घेतली, तेव्हा ती नीट बोलली होती. दोन वाजता तिच्या उजव्या हातातून बॉबिन खाली पडली. उचलायला गेली तर हात उचलेना. पप्पांनी विचारलं, काय होतंय, तर तिच्या तोंडून नुसते आवाज आले. ते म्हणाले, "हस बघू." ती हसली ते एकाच बाजूनं. त्यांनी घड्याळ बघितलं, फाईल काखेत मारली आणि भाऊंना हाक दिली. भाऊ हातातला घास टाकून उठले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलल्या?" पप्पांनी मिनिटासकट सांगितलं. अर्ध्या कोऱ्या पानावर जे नव्हतं, तेही त्यांनी तोंडपाठ सांगितलं. दर महिन्याला डॉक्टरीणबाईंकडे दोघं बरोबर जात होते आणि बाई आईलाही तपासायच्या, त्यामुळे आईची एकूण एक तपासणी त्यांना माहीत होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत देता आलं. मी पोचले तेव्हा ते त्याच उताराशेजारी उभे होते. मला बघितल्यावर त्यांनी काखेतली फाईल माझ्या हातात दिली. मी त्यांना धरून बसवलं.

आईचा हात तीन आठवड्यांत डोक्यापर्यंत जायला लागला. बोलणं मागं राहिलं. तिला पाणी हवं असायचं आणि शब्द यायचा नाही, मग ती चिडून तोंड भिंतीकडे करायची. पप्पांनी तिच्याकडून रोज व्यायाम करून घ्यायचं काम अंगावर घेतलं. बोट, चमचा, दोरा असं एकेक दाखवायचे आणि वाट बघायचे. मी इतका धीर धरू शकत नव्हते, पटकन शब्द सांगून टाकायचे. ते मला दटावायचे, "थांब. तिला आणू दे."

पाच महिन्यांनी मावशीनं चऱ्होलीला नवा फ्लॅट घेतला, त्याच्या गृहप्रवेशाला गेलो. लिफ्ट सुरू झाली नव्हती. आई उजव्या हातानं कठडा धरत तिसरा मजला चढली, प्रत्येक वळणावर थांबून. वर पाहुणे बसले होते. बुद्धवंदना सुरू झाली. मी आईकडे बघतच नव्हते, तिला संकोच वाटू नये म्हणून. पण शेजारून आवाज आला. त्रिसरण, मग पंचशील, सगळ्यांच्या सुरात, कुठंही न अडखळता. पप्पांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि स्वतः म्हणायचं थांबले.

जेवताना मावशीनं तिला विचारलं, "कसं वाटतंय घर?"

आई थोडा वेळ शोधत राहिली. आम्ही कुणीच शब्द पुरवला नाही.

"उजेड," ती म्हणाली. मग सावकाश, एकेक शब्द जोडत, "उजेड छान येतो. पण ओटा... ओटा फार उंच केलाय."

मावशी हसता हसता म्हणाली, "आली गं बाई पूर्वपदावर." आईनं ताट पुढं केलं आणि आणखी भात मागितला.