अर्धा फेरा

दुपारचं जेवण झालं की हेमांगी लेथसमोरच्या बाकावर पाठ टेकते. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं ती रोज ठरवते आणि रोज घोरते. आजही पंख्याची घरघर ऐकता ऐकता तिला वाटतं, ही पंख्याची नव्हे, लेथची. आणि लेथ खरंच चालू असतो.

लेथवर आबा बसलेत. तिचे सासरे, आठ महिन्यांपूर्वी गेलेले. अंगात तेच बनियन, भुवयांवर फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा. सावंतवाडीत लाकडी फळं करण्यात त्यांचा जन्म गेला आणि म्हातारपणी मीठ-मिरी दळायच्या लाकडी गिरण्यांचं खूळ डोक्यात शिरलं. ते खूळ त्यांनी सुनेलाही लावलं.

त्यांना बघून हेमांगीला आनंद व्हायला हवा, पण ती नजर चुकवते. शेवटचं ती त्यांना जे बोलली, ते तिला अजून खातंय. गिरणीचा खालचा भाग आणि वरची टोपी एकाच ठोकळ्यातून निघतात, त्यामुळे लाकडाच्या रेघा खालून वर सलग जातात. तुकड्यांची अदलाबदल म्हणजे या कारखान्यात महापाप. त्या दिवशी बारा गिरण्यांचे चोवीस तुकडे बाकावर होते. आबांनी जोड्या लावल्या आणि एकीच्या रेघा तिला तुटलेल्या दिसल्या. "आबा, तुमका आता दिसणा नाय. हात लावू नका," ती फटकन म्हणाली. आबा काही न बोलता उठले, घरी गेले, चहा प्यायले आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. ती एक गिरणी तिने जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. पुन्हा उघडून बघायची छाती झाली नाही.

बाक आता गावातल्या मोती तलावाच्या काठावर आहे. पाण्यावर भुसा तरंगतोय, त्याचं दोघांनाही काही वाटत नाही. आबा विचारतात, त्या बारा गिरण्यांची ऑर्डर वेळेत गेली का. ती सांगते, अकराच गेल्या. आबा मान हलवतात, दुकानदार कुरकुरला असेल म्हणतात.

"आणि बारावी बंद करून कित्या ठेवलंस?"

ती रडतच सांगते की मी तुम्हाला नको ते बोलले, तुम्ही त्याच रागात गेलात.

आबा हसतात. तलाव नाही, घरचं स्वयंपाकघर आहे, आणि ते पाटावर बसून पेजेची वाट बघताहेत. हातात तीच गिरणी.

"गो, टोपी फिरता म्हणान तर मिरी दळता. फिरली तर रेघ तुटतलीच. अर्धो फेरो फिरवन बघ."

आठ महिने रडली आणि एवढं साधं सुचलं नाही. रोज टोप्या फिरवणारी बाई ती. हेमांगीला स्वतःचीच लाज वाटते.

"मग तेव्हा बोललात कित्या नाय?"

"बोलणार होतंय. पण तू रेघ बघलंस, ह्या बघून माका बरा वाटला. आता माझी गरज नाय, म्हटलंय, आणि चाय पिऊक गेलंय."

असं म्हणून ते तिच्या तळहातावर मिरी दळतात. तिखट वास थेट नाकात जातो.

शिंकेनेच तिला जाग येते. लेथ बंद आहे, पंखा चालू आहे, तळहात कोरा आहे. ती तशीच उठून कपाट उघडते, साडीचा तुकडा सोडते. रेघा तुटलेल्याच आहेत. ती टोपी धरते आणि हळूच अर्धा फेरा देते. पिवळी रेघ खालून वर चढते आणि कुठेही न अडखळता टोपीच्या टोकाला पोचते.

आणि गिरणीच्या तळातून तिच्या हातावर चिमूटभर काळी पूड पडते. नवी गिरणी चालते का बघायला आबा आधी मूठभर मिरी घालायचे. त्या सकाळीही घातली होती म्हणायची.

हेमांगी ती जिभेवर ठेवते. आठ महिन्यांची मिरी, पण तिखटपणा जराही कमी झालेला नाही. डोळ्यांत पाणी येतं आणि या वेळी ते पुसावंसं तिला वाटत नाही.