भरून ठेवलेले रकाने

कोरा रकाना ज्याला बघवायचाच नाही, असा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आर्वीला आमच्या संस्थेच्या ऑफिसात कंत्राटावर होता. प्रवेशापासून रजेपर्यंतचे सगळे ऑनलाइन फॉर्म तोच बनवायचा. मी आस्थापना बघते. याद्या करणं हे माझं काम आणि खोडही. पण त्याच्यापुढे मी गबाळी ठरायची. एकाच पानावर विद्यार्थ्याचा आणि पालकाचा फॉर्म असला, की दोघांनाही 'नाव' हा रकाना असतो. कोणतं कोणाचं हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून तो आतून प्रत्येक रकान्याच्या नावाआधी 'विद्यार्थी' किंवा 'पालक' असा उपसर्ग लावायचा. तिथवर ठीक. पण ही सवय पानाबाहेर आली. त्याच्या चष्म्यांच्या डब्यांवर 'घर-चष्मा', 'ऑफिस-चष्मा' अशा चिठ्ठ्या होत्या, आणि चुकून घर-चष्मा ऑफिसात आला तर गडी दिवसभर डोळे बारीक करून काम करी, पण तो लावत नसे. शिपायानं एकदा छेडलं, "भाऊ, मंग वहिनीले घर-बायको म्हणता का?" मान वर न करता तो म्हणाला, "एकच हाय. उपसर्ग काऊन लावू?"

दुसरी खोड आधीच भरून ठेवण्याची. "मॅडम, कोरं पान दिसलं का माणूस घाबरते. काहीतरी भरून द्या, मंग तो खोडून लिवते." रजेच्या फॉर्मात 'घरगुती काम' हे कारण त्यानं आधीच घालून ठेवलेलं, एका लिपिकाची स्वतःच्या लग्नाची रजा त्याच कारणावर मंजूर झाली. माझा चहासुद्धा मला न विचारता सांगितलेला असे. "बिनसाखरेचा सांगून ठेवला. बदलाचा असन तर बदला."

मग कंत्राटांच्या मुदतवाढीचा फॉर्म आला. तोही त्यानंच केला. नमुना म्हणून त्यात स्वतःचीच माहिती भरून ठेवली: नाव, गाव रोहणा, पद. कोणी नुसताच नमुना पाठवू नये म्हणून नियम घातला, की ज्यात काहीच बदललं नाही तो अर्ज भरलाच नाही असं धरायचं. तेरा जणांनी त्याची माहिती पुसून आपली लिहिली. त्यानं आपला फॉर्म उघडला, सगळं बरोबर आहे हे दोनदा वाचलं, आणि पाठवला.

यादीत तेरा नावं आली. ती मी काढली, सही घेतली, वर पाठवली. मोजली नाही. त्याच्या कॉम्प्युटरनं काढलेली यादी मोजायची नसते, असं अकरा वर्षांत मला वाटायला लागलं होतं. त्याचंच कंत्राट वाढलं नाही हे कळल्यावर साहेबांकडे गेले, तर म्हणाले, "त्यांचा अर्जच नाही. आणि नियम त्यांचाच आहे ना?" ज्याच्या फॉर्मांवर अख्खी संस्था चालली, त्याचा एक अर्ज कागदावर घ्यायची कोणाची तयारी नव्हती. आणि मी तरी किती भांडले? एकदा गेले, साहेबांचा चेहरा बघून परत आले.

तो मात्र शांत. "कॉम्प्युटरनं बरोबरच केलं, मॅडम. मी काईच बदललं नाई."

आता तो जाम गावात, हायवेवरच्या एका दुकानात लोकांचे फॉर्म भरून देतो म्हणे. मी अजून गेले नाही. त्या यादीच्या ऑफिसप्रतीवर तेराव्या नावाखाली मी पेनानं त्याचं नाव लिहिलं आणि प्रत फाइलला लावली. तिला काही किंमत नाही, हे मला कळतं. पण यादी आता बरोबर आहे.