बशीतली बाळं

वाशीतल्या त्या टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात पुतळाबाई पहिल्या दिवसापासून आया होती. सकाळी कोपरखैरण्याहून यायची, चपला बाहेर काढायची आणि आधी लॅबची फरशी पुसायची. लॅबमधल्या उबदार पेटीत काचेच्या बश्या असत आणि बश्यांत नुसत्या डोळ्यांना न दिसणारे गर्भ. डॉक्टर अभिराम त्यांना एम्ब्रियो म्हणत, पुतळाबाई बाळं म्हणे. आता बाळं म्हटल्यावर त्यांना बिनदेवाचं कसं ठेवायचं? म्हणून सगळे यायच्या आत ती लॅबच्या दारात एक उदबत्ती लावी, राख पुसून टाकी आणि कामाला लागे. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि नको म्हणायला सकाळी कुणी जागेवर नसे.

बेलापूरच्या सरकारी कचेरीतली क्षिप्रा तिथे आली ती चाळिशीच्या तोंडावर. इतर बायका आयाकडे बघतही नसत, ही तिला मावशी म्हणायची. एकदा तिने गावच्या देवीकडून आणलेला उदबत्त्यांचा पुडा पुतळाबाईच्या हातात कोंबला.

"मावशी, माझी बाळं आत आहेत तोवर ह्या लावाल?"

पुतळाबाईने रोज दोन-दोन लावल्या. क्षिप्राची बाळं चार पेशींवरच थांबली.

दोन-दोनची सवय तशीच राहिली आणि पुढच्या बायकांचंही तेच झालं. डॉक्टरांनी बश्यांतलं द्रावण बदललं, पेटी बदलली, भिंतींच्या रंगाचा वास उरला म्हणून रंगाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी बश्या सांभाळणाऱ्या मनाली मॅडमनी सगळ्यांना उभं केलं. आजपासून अत्तर नाही, गजरा नाही, फिनेल नाही, धूर तर मुळीच नाही.

"वासानं काय हुतंय म्याडम? आमी तर रोज केमिकल कंपन्यांच्या वासातच ऱ्हातो," पुतळाबाई म्हणाली.

"आपण मोठे आहोत, मावशी. हे चार पेशींचं. हवेतलं रसायन द्रावणात उतरलं की सरळ त्याच्या आत जातं. पुढे कसं वाढायचं, तो निरोपच बिघडतो. पोटात असतं तर आईनं थोडंफार गाळून दिलं असतं. बशीत कोण गाळणार?"

पुतळाबाईने मान हलवली आणि बादली उचलली. रडू यायला हवं होतं, आलं नाही. नवरा गेला तेव्हाही तिचं असंच झालं होतं. हातपाय चालत राहिले, भाकऱ्या झाल्या, आत मात्र सगळं बधिर. डॉक्टरांना ती काही बोलली नाही. नोकरी गेली असती, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

उदबत्ती बंद झाली आणि बश्यांतली बाळं वाढू लागली. डॉक्टरांनी श्रेय नव्याने बसवलेल्या हवेच्या फिल्टरला दिलं. फिल्टर बिचारा काय बोलणार!

मग क्षिप्रा परत आली. ही शेवटची खेप, यापुढे स्त्रीबीज मिळणार नाही, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. बाळं कालच पेटीत ठेवली होती. तिने पुतळाबाईला जिन्याखाली गाठलं आणि पर्समधून तसलाच पुडा काढला.

"गेल्या वेळी कमी पडलं बहुतेक. या वेळी जास्त लावा."

"आता परवानगी न्हाई, ताई."

"नका लावू तुम्ही. मी वॉचमनला सांगते. तो लावेल."

वॉचमन लावणार, हे पुतळाबाईला पक्कं ठाऊक होतं. चहापाण्याला मिळालं की तो काहीही करी. तिने क्षिप्राचा हात धरला.

"ताई, त्यो धूर बाळांना लागतो. गेल्या बारीला त्यानंच गेली तुमची. मी लावली हुती, दोन-दोन."

क्षिप्रा बघत राहिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी नंबर पुकारत होतं. पुतळाबाई वाट बघत होती, आता ही ओरडेल, वर जाऊन डॉक्टरांना सांगेल. भीतीसुद्धा वाटत नव्हती तिला.

"पुडा मी दिला होता," क्षिप्रा म्हणाली.

मग तिने आपल्याच मनगटाचा वास घेतला.

"पावडर लावून आलेय मी. तीपण नको ना?"

"नको."

पुतळाबाईने जिन्याखालच्या मोरीतला नळ सोडला. क्षिप्राने बाह्या वर सारल्या आणि ती मान, गळा, हात घासत सुटली, कातडी लाल झाली तरी थांबेना.