सिस्टरला खोली पाहिजे

"आधी सांगून टाकते," असं म्हणून सिस्टर उजव्या हाताचा पंजा वर करायच्या. चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. समोरचा माणूस कितीही मोठा असो, थांबायचा.

सुई टोचायच्या आधी: "आधी सांगून टाकते, दुखणार हाय. दुखत न्हाई म्हणणारी नर्स खोटारडी असती." पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांना: "आधी सांगून टाकते, डॉक्टर आज न्हाईत. बसायचं तर बसा, पण माझ्यावर ओरडायचं न्हाई." आणि बीडमध्ये खोली बघायला गेल्यावर, चपला बाहेर काढून, उंबऱ्याच्या अलीकडंच उभं राहून, मालकानं आडनाव विचारायच्या आत: "आधी सांगून टाकते, आमी बौद्ध आहोत. चालत असंल तर खोली दाखवा. न्हाई तर दोघांचाबी टाईम वाचला."

अशा दारांत तुम्हीही उभे राहिला असाल. काहीजण बाहेरच्या बाजूला, काहीजण आतल्या. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलोय म्हणून सांगतो, आतल्या माणसाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. नकार द्यायचा त्याचा सगळा रिवाज मोडलेला असतो. आधी बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, "मूळ गाव कोणतं," मग "भावकीत कोण कोण," असं करत करत आडनावापर्यंत यायचं आणि मग "पाहुणे येणार आहेत, खोली लागेल" म्हणायचं. सिस्टर त्याला ही सगळी वाट चालूच द्यायच्या नाहीत.

आमची ओळख भांडणातून झाली. गावाकडच्या एका आरोग्य केंद्रात त्या कंत्राटी नर्स होत्या. तिथं बाळंतपणं होत नाहीत असं मला कळलं आणि मी 'बाळंतिणीच्या खोलीला टाळं!' असं पत्रक छापून केंद्राच्या दारातच वाटायला उभा राहिलो. सिस्टर बाहेर आल्या, पत्रक वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि 'टाळं' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"खोली उघडी हाय. नळाला पाणी न्हाई. पाण्याचं लिही."

"पण ताई, टाळं म्हटलं की जोर येतो."

"जोर आमी लावतो की, बाळंतपणात. तू पाणी आण."

तेव्हापासून त्या मला 'पुढारी' म्हणायला लागल्या. पाणी आलं, ते मात्र माझ्या दुसऱ्या पत्रकामुळंच, असं मी आजही म्हणतो.

त्या मूळच्या चौसाळ्याच्या. नवऱ्याशी फारकत झालेली. त्यावर एकदाच बोलल्या: "तो चांगला होता, पण त्याच्या घरातच." आठ वर्षांची मुलगी, सुजाता. तिच्या शाळेसाठी बीडमध्ये राहायचं आणि रोज एसटीनं केंद्रावर जायचं. पण बीडमधल्या खोल्या त्यांना टिकत नव्हत्या. कधी मालकाच्या मुलाचं लग्न निघायचं, कधी रंगकाम निघायचं. रंगकाम झाल्यावर त्या खोलीत दुसरंच कोणीतरी राहायला यायचं.

एक मालक मी कधी विसरणार नाही. रिटायर साहेब, दारात तुळस, हातात पेपर. सिस्टरनी पंजा वर करून सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "आमचं काही नाही हो, आम्ही तसलं मानतच नाही. पण आमची म्हातारी आई जुन्या वळणाची. तिला जमायचं नाही."

तेवढ्यात आतून काठी टेकत म्हातारी आली. डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ओरडली, "अगं बया, सिस्टर! आरं, गावाकडं होते तवा माझ्या पायाची पट्टी हीच करायची! भायेर कावून उभी? आत ये, आत ये."

साहेबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तसा पाण्याचाही प्रॉब्लेम आहे वरच्या मजल्यावर."

मी तोंड उघडणार, तोच सिस्टरनी माझा दंड दाबला. आत गेल्या, म्हातारीचा पाय मांडीवर घेतला, जखम बघितली, "साखर खायालीस ना चोरून?" म्हणून तिला दटावलं आणि बाहेर आल्या. रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "पाय भरत आलाय."

माझं डोकं फिरलं होतं. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: 'बीड शहरात माणूस भाड्यानं राहू शकतो का?' साहेबांचा पेपर, म्हातारीचा पाय, पाण्याचा प्रॉब्लेम, सगळं आलं. सिस्टरचं नाव टाकलं नाही. तेवढी अक्कल होती. त्यांना विचारलं नाही. तेवढी नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांना एक खोली मिळत आली होती. किराणा दुकानदार, भला माणूस, "या की" म्हणाला होता. माझं पत्रक त्याच्याच दुकानात कुणीतरी पुडी बांधायला आणून दिलं. त्यानं ते वाचलं आणि सिस्टरना फोन केला. "ताई, तुमच्या जातीचं मला काही नाही, देवाशपथ. पण उद्या एखादा नळ गळला तर माझ्या दारात मोर्चा येईल."

मी माफी मागायला गेलो तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. सुजाता अभ्यास करत होती.

"नाव न्हाई टाकलं म्हणतोस?" त्या परातीकडं बघतच म्हणाल्या. "चौसाळ्याची नर्स, एक पोरगी, खोली शोधती. अशा किती हायत रं बीडात?"

"चुकलं ताई. पण त्यातलं खोटं एकबी—"

"सगळं खरं हाय. लई चांगलं लिहिलंस. फक्त एक खोली कमी झाली." मग भाकरी माझ्या ताटात टाकली. "खा. पत्रकाला राहायला घर लागत न्हाई, पुढारी. आमाला लागतं."

ती भाकरी गिळताना मला जेवढी शिकवण मिळाली तेवढी एकाही शिबिरात मिळाली नव्हती.

त्यानंतर त्या जर्मन शिकायला लागल्या. जर्मनीतल्या दवाखान्यांना नर्स हव्या होत्या. मोबाईलवर क्लास, एसटीत पाठांतर. सराव करायच्या लसीकरणाच्या दिवशी, बाळांवर. मांडीत सुई टोचताना बाळाशी अगदी गोड आवाजात जर्मन बोलायच्या. आया घाबरून विचारायच्या, "सिस्टर, मंत्र हाय का?" "न्हाई गं," त्या म्हणायच्या, "ते रडणारच हाय. कोणत्या भाषेत का रडंना."

"कावून जाताय ताई?" मी एकदा विचारलंच. आणि माझ्या सवयीनं पुढं भाषणही जोडलं, की शिकलेली माणसं अशी निघून गेली तर इथं लढायचं कोणी?

"तू लढ ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला खोली मिळालीय."

मला बीडमध्ये खोली मिळायला एक दुपार लागली होती. मालकानं आडनाव विचारलं आणि चहा मागवला.

परीक्षा पास झाल्या, तिकडच्या एका दवाखान्याचं पत्र आलं, आणि तिथंही घराचाच प्रश्न उभा राहिला. दवाखाना वसतिगृहात एक कॉट देणार होता, फक्त त्यांना. मुलीला न्यायचं तर दोघींना पुरेल एवढ्या घराचा करार कागदावर दाखवायला हवा. घर नाही तर सुजाता नाही, इतका साधा हिशोब. ती तोवर चौसाळ्याला आजीकडं राहणार. किती दिवस, ते घरावर.

तिकडं म्हणे घरमालकाला आधी स्वतःची ओळख करून देणारं पत्र पाठवतात. लिहिण्याचं काम अर्थातच मी घेतलं. सिस्टरनी माझा पहिला परिच्छेद वाचला. "मी घर मागायले का मोर्चा काढायले?" मग स्वतःच चार ओळी लिहिल्या. मी नर्स आहे. सिगारेट ओढत नाही. मुलगी आठ वर्षांची आहे. जिना झाडण्याची पाळी मी चुकवणार नाही.

ढीगभर पत्रं गेली. उत्तर नाही. मी म्हणालो, "ताई, तिथंही नाव बघूनच बाजूला टाकत असतील."

"असंल. माणसंच राहतात ना तिथं."

शेवटी एका लहानशा गावातल्या सत्तरीच्या बाईंचं उत्तर आलं. माडीवरच्या दोन खोल्या. कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलू म्हणाल्या. फ्लेक्सच्या दुकानावर माझं टीचभर ऑफिस आहे, तिथं दुपारी आम्ही बसलो. सिस्टर ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या आजी दिसल्या, मागं खिडकी, खिडकीत मांजर.

नमस्कार झाला. आजी काहीतरी विचारणार, एवढ्यात सिस्टरचा उजवा पंजा वर गेला. मला भाषा कळत नव्हती, पण तो पंजा कळला. अहो ताई, तिथं कशाला!

सांगून झालं. मांजर उठून गेलं. मग आजींनी कपाळाला आठ्या घालून काहीतरी विचारलं. सिस्टर गोंधळल्या, पुन्हा बोलायला लागल्या, अडखळल्या, थांबल्या.

"काय म्हणते?" मी कुजबुजलो.

"मी म्हणलं आमी बौद्ध आहोत, घरात कुणाला अडचण असंल तर आत्ताच सांगा. ती विचारती, तुमी घंटा लई जोरात वाजवता का? रविवारी तिथं आवाज चालत न्हाई."

"मग सांगा ना, अडचण म्हणजे काय ते."

"कसं सांगू? बीपी, शुगर, बाळंतपण, सगळं येतं मला जर्मनमधून. हे न्हाई शिकवलं कुणी." आणि पडद्याकडं वळून त्यांनी फक्त मान हलवली. नाही, घंटा वाजवत नाही.

मग आजी सुरू झाल्या. कचरा चार डब्यांत वेगळा. बूट बाहेर. रविवारी खिळा ठोकायचा नाही. सिस्टर वहीत लिहून घेत होत्या. शेवटी आजींनी पेन उचललं आणि एक प्रश्न विचारला. सिस्टरनी वही मिटली.

"आडनाव विचारती," त्या मला म्हणाल्या. आवाज बदलला होता.

"कावून?"

त्यांनी तेच विचारलं असावं. आजींनी कागदावर चौकोन काढून दाखवला. दाराच्या घंटेशेजारी लावायला. मोठ्या अक्षरात. नाही तर टपाल येत नाही.

सिस्टरनी एकेक अक्षर सांगितलं. आजींनी लिहून कागद कॅमेऱ्यासमोर धरला, बरोबर आहे का बघायला. पत्रकात मी इथं तीन उद्गारचिन्हं टाकली असती. सिस्टरनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि एका अक्षराची चूक दुरुस्त केली.

त्या गेल्या. आरोग्य केंद्रातली त्यांची जागा अजून रिकामीच आहे, त्यावर माझं पत्रक तयार आहे. बायका येतात, दारातून आत डोकावतात, "ती सांगून टोचणारी सिस्टर कुठंय?" म्हणतात आणि लेकरू कडेवर घेऊन परत जातात. एक नर्स या जिल्ह्यानं घडवली आणि तिला दोन खोल्या द्यायला त्याला पाणी, पाहुणे आणि रंगकाम आडवं आलं. हे त्यांना वाचून दाखवलं तर म्हणतील, पाण्याचं लिही.

सुजाताचे कागद व्हायला बरेच महिने लागले. सिस्टर रजा काढून आल्या आणि तिला घेऊन गेल्या. त्या पोचणार होत्या त्या दिवशी मी चौसाळ्याला त्यांच्या आईकडं गेलो. म्हातारीला व्हिडिओ कॉल घेता यायचा नाही म्हणून.

फोन वाजला. सुजाता दिसली, लाल नाक, कानटोपी. मग जिना, मग दार. सिस्टरचे दोन्ही हात सामानात अडकलेले, म्हणून त्यांनी फोन दाराबाहेरच्या बुटांच्या कपाटावर उताणा ठेवला, कुलूप उघडलं आणि दोघी आत गेल्या. फोन विसरला. आम्हाला पडद्यावर पांढरं छत दिसत होतं आणि अर्धा दिवा.

आतून पळण्याचा आवाज आला. एक दार आपटलं. मग सुजाताचा आवाज, घुमल्यासारखा, कारण घरात अजून फारसं सामानच नव्हतं.

"आई, हीबी खोली आपलीच?"

"हीबी."

"आन् ही?"

"ते संडास हाय. ते बी आपलंच."

दोघी हसायला लागल्या. मी कॉल बंद करायला हात पुढं केला. म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"राहू दे की. आवाज येतोय."

मग चौसाळ्याच्या त्या ओट्यावर आम्ही दोघं बराच वेळ परक्या देशातल्या एका छताकडं बघत बसलो.