झांजेची जागा

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. माझी लेक जन्मापासून बोलत नव्हती. देवासला आमच्या मोहल्ल्यातल्या ऑर्केस्ट्रात कुणालाच नाही म्हणत नाहीत. तिथे ती झांज वाजवायची. कार्यक्रमाच्या आठवड्यातच ती गेली.

ऑर्केस्ट्राचे मास्तर दारात आले. "काका, कार्यक्रम रद्द करू का?"

"मुळीच नाही. पण तिची झांज दुसऱ्या कुणी वाजवायची नाही. समजलं ना, भिया?"

सुतक होतं, म्हणून मी सभागृहाबाहेर उभं राहून ऐकलं. तिची झांज यायची तिथे सगळे थांबले. दर वेळी थांबले. मीच मागून घेतलेलं ते थांबणं मलाच ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतकातच मास्तरांकडे गेलो आणि उंबऱ्याबाहेरून म्हणालो, "तिच्या जागी कुणाला तरी बसवा."